अक्का, तू आनेकलला का गेलीस

अक्का, तुला जाऊन आज अकरा दिवस झाले, आणि आपलं एक भांडण अजून मिटलेलं नाही. घरात माणसं होती तोवर त्याची आठवण झाली नाही. काल निपाणीची सगळी मंडळी परत गेली, घर रिकामं झालं, आणि भांडी विसळता विसळता मी मोठ्यानं म्हणाले, "तरीपण तू जायला नको होतंस." आनेकलला म्हणतेय मी. तू असतीस तर हॉलमधून ओरडली असतीस, "पुन्हा सुरू झालं हिचं." कोणी ओरडलं नाही.

तुझ्याबद्दल इथं जो तो एकच गोष्ट सांगतो. बोम्मसंद्र्याच्या औषधांच्या कारखान्यात आग लागली, सुनंदा सुपरवायझरनं अकरा मुलींना बाहेर काढलं. श्रद्धांजलीच्या फलकावरही कुणीतरी 'धाडसी' असं लिहून आणलं होतं. मी तो शब्द वाचला आणि फलक भिंतीकडे तोंड करून ठेवला. तुला तो शब्द ऐकला की काय व्हायचं ते मला माहीत होतं.

तुझ्या शिफ्टला बारा मुली होत्या. सकाळची अकराची वेळ. शेजारच्या खोलीत सॉल्व्हंटची पिंपं ठेवलेली, ती पेटली. तू मुलींना जिन्याकडे पिटाळलंस आणि मध्ये होता तो लोखंडी सरकता दरवाजा ओढून घेतलास, कारण ड्रिलमध्ये तेच शिकवलं होतं. तो उघडा राहिला असता तर धूर आणि आग जिन्यात शिरली असती आणि उतरणाऱ्या मुली तिथेच सापडल्या असत्या. खाली अंगणात येऊन तू मोजलंस. अकरा. पुन्हा मोजलंस. पवित्रा दारापलीकडच्या, लेबलं लावायच्या खोलीत गेली होती, आणि तुला वाटलं होतं की ती पुढे गेलेल्या घोळक्यात आहे. आनेकलची होती ती, बावीस वर्षांची.

कारखान्यानं तुला शाल दिली, नारळ दिला. फोटोत तू हसली आहेस. फोटो झाल्यावर तू बाथरूममध्ये जाऊन ओकलीस आणि मला म्हणालीस, "दुपारचं जेवण बाधलं." मी विश्वास ठेवला.

मी तेव्हा तुला शहराच्या या टोकाला आणलं. बोम्मसंद्रा दक्षिणेला, मी उत्तरेला, हेब्बाळला. मला वाटलं, तो रस्ता, ती बस, ते फाटक नजरेआड झालं की झालं. माझ्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर घर, समोर तळं, सकाळी फिरायला जागा. तू काही दिवस फिरलीस. मग फिरणं बंद केलंस. घरात मात्र एक नवीन नियम सुरू झाला: कुठलाही दरवाजा बंद करायचा नाही. बेडरूमचा नाही, स्वयंपाकघराचा नाही, बाथरूमचासुद्धा नाही. मी पडदा लावला आणि दीड वर्ष पडद्याआड अंघोळ केली, अक्का. पाहुणे यायचे बंद झाले, कारण त्यांना काय सांगायचं? एकदा वाऱ्यानं बाल्कनीचं दार आपटलं तर तू ताटावरून उठून धावलीस आणि ते पकडून उभी राहिलीस. आमटी जमिनीवर, तुझे पाय आमटीत, आणि तू दार धरून. मी म्हणाले, "अगं, वारा होता." तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मी कोण हे तुला आठवत नव्हतं.

कुठेही गेलो की तू माणसं मोजायचीस. लग्नाच्या हॉलमध्ये, बसमध्ये, भाजीवाल्यापाशी. ओठ हलायचे तुझे. नेलपॉलिश पुसायच्या बाटलीचा तो सॉल्व्हंटसारखा वास आला की तुझ्या मानेवर घाम यायचा. चिडायचीस तर इतकी, की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आपल्याशी बोलणं सोडलं. आई फोनवर म्हणायची दृष्ट लागली, मीठ-मोहऱ्या ओवाळ. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. झोप लागायची, पण दरवाजे उघडेच राहिले. आणि मी काय केलं? तुझ्या वाटेतून एकेक गोष्ट उचलत गेले. वर्तमानपत्र बंद केलं. पवित्राच्या घरून दोनदा फोन आला तो मीच घेतला आणि सांगितलं की अक्काची तब्येत बरी नाही. हे मी तुला सांगितलंही नाही. तुला नंतर कळलं ते कसं कळलं, तेही मला कधी विचारायचं धाडस झालं नाही.

मग ती लिफ्ट. तू माझा विसरलेला डबा द्यायला ऑफिसात आली होतीस, आणि मला केवढा आनंद झाला होता की अक्का एकटी घराबाहेर पडली. खाली जाताना आपण लिफ्टमध्ये होतो, दार मिटायला लागलं, आणि बाहेरून एक बाई धावत आली, "थांबा, थांबा!" दार मिटलं. तू त्या दारावर दोन्ही हातांनी मारायला लागलीस. लिफ्ट उतरत होती आणि तू नखं मोडेपर्यंत मारत होतीस, आणि तोंडानं एकच, "तिला येऊ दे, तिला येऊ दे." खाली दार उघडलं तेव्हा बाहेर सिक्युरिटीवाले आणि माझे सहा सहकारी उभे होते. मी तुला धरून बाहेर काढलं. त्या क्षणी मला तुझी दया आली नाही, अक्का, लाज वाटली. हे मी तुला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

त्याच संध्याकाळी ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं मॅडमचा पत्ता दिला. त्या मानसोपचार करणाऱ्या, जयनगरात छोटंसं क्लिनिक. पहिल्या दिवशी त्यांनी तुझं सगळं ऐकून घेतलं आणि आजाराचं नाव सांगितलं, पीटीएसडी. जिवावरचा प्रसंग अंगावर आला की काही माणसांच्या बाबतीत असं होतं, म्हणाल्या. "तुमच्या मनाला माहीत आहे की आग विझली. अंगाला अजून कळलेलं नाही. अंगाला वाटतंय, ती आग चालूच आहे आणि दार आत्ता बंद होतंय."

तू म्हणालीस, "मग मी वेडी नाही?"

"नाही. आणि यावर उपचार आहे. पण सोपा नाही."

मग त्या माझ्याकडे वळल्या. मी केलेली सगळी व्यवस्था मी त्यांना अभिमानानं सांगितली होती, पडद्यासकट. त्या म्हणाल्या, "तुम्ही प्रेमानंच केलंत. पण एकेक दार उघडं ठेवलंत की तिच्या अंगाला पुन्हा पटतं, की बंद दार म्हणजे धोकाच." मला राग आला. बसमध्ये मी तुला म्हणाले, "आपण दुसरं कोणीतरी बघू." तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "स्वल्प थांब, मंजू. या बाईनं मला पहिल्यांदा खरं काय ते विचारलं."

उपचार काय होता ते मला कळलं तेव्हा मी आणखी भडकले. दर आठवड्याला डोळे मिटून ती सकाळ पहिल्यापासून सांगायची, आत्ता घडतेय अशी. संपली की पुन्हा. ते फोनवर रेकॉर्ड करायचं आणि घरी रोज ऐकायचं. तू खुर्चीत बसून कानात इअरफोन घालून ऐकायचीस, हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळलेले, आणि मी स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवत राहायचे. पहिल्या दोन आठवड्यांत तू आणखी वाईट झालीस. जेवण कमी केलंस. मी मॅडमना फोन करून म्हणाले, "जखमेत बोट घालताय तुम्ही." त्या शांतपणे म्हणाल्या, "सुनंदाला विचारा थांबायचं का." मी विचारलं. तू म्हणालीस, "नाही." एकदा तू इअरफोन काढून माझ्यापुढे धरलास. "ऐकतेस?" मी मान हलवली, नको. तू ते पुन्हा कानात घातलेस. पुढे बरी झाल्यावर ते सगळं तूच पुसून टाकलंस.

आता त्या दुपारबद्दल. आपण दोघी नंतर कधीच त्यावर बोललो नाही.

मॅडमनी तुझ्याबरोबर एक यादी केली होती, कमी भीतीच्या गोष्टीपासून सर्वांत जास्त भीतीच्या गोष्टीपर्यंत. आधी नेलपॉलिश पुसायची बाटली उघडून समोर ठेवायची. मग बाथरूमचं दार लोटायचं. मग कडी लावायची. हे सगळं तू केलंस, घामाघूम होत, पण केलंस. मी पडदा काढून टाकला. मग यादीत आलं: बेडरूममध्ये मी, बाहेर तू, मध्ये बंद दार, आणि तू ते अर्धा तास उघडायचं नाही. पहिल्या खेपेला दार मीच उघडलं. चार मिनिटं झाली होती. बाहेरून तुझा श्वास ऐकू येत होता, धाप लागल्यासारखा, आणि मला तो सहन झाला नाही. तू भिंतीला टेकून खाली बसली होतीस. चेहरा पांढरा. मला वाटलं तू माझ्या गळ्यात पडशील. तू म्हणालीस, "का उघडलंस? मी आता उतरणार होते. भीतीचा चढ संपत आला होता माझा." चार दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस.

पाचव्या दिवशी तू शेवटची ओळ दाखवलीस. ती तूच मॅडमना सुचवली होतीस. मी आतून दार ठोकायचं. आणि तू उघडायचं नाही.

"मी नाही करणार," मी म्हणाले.

"मंजू, मला रोज त्या लोखंडी दारामागचं ठोकणं ऐकू येतं. रोज. ते खरं होतं की नाही तेही मला सांगता येत नाही. एकदा तरी मला असं ठोकणं ऐकू दे, ज्याच्या पलीकडे माणूस जिवंत आहे."

शनिवारची दुपार होती. खालच्या गल्लीत नारळवाल्याची गाडी उभी होती, कुणीतरी कन्नडमध्ये मोठमोठ्यानं हसत होतं. मी आत गेले. तू दार ओढून घेतलंस. मी हात वर केला आणि तो हात तसाच राहिला. पवित्राला मी कधी पाहिलं नव्हतं. पण त्या बंद खोलीत उभी राहून दारावर हात ठेवल्यावर मला पहिल्यांदा कळलं की तिनं कशावर मारलं असेल. मी ठोकलं. एकदा. बाहेरून तुझ्या घशातून एक आवाज आला. मी पुन्हा ठोकलं. तू ओरडलीस, "थांबू नकोस!" मी ठोकत राहिले, रडत रडत, हात दुखेपर्यंत, आणि बाहेर तू रडत होतीस, आणि दार तसंच बंद. किती वेळ गेला माहीत नाही. हळूहळू तुझा आवाज खाली आला. मग नुसता श्वास. मग तोही ऐकू येईना आणि मी घाबरले, तेवढ्यात तू अगदी साध्या आवाजात म्हणालीस, "मंजू, कडी गरम होती."

मी हात थांबवला. "काय?"

"त्या दाराची कडी. मी परत धरली होती, उघडायला. तळवा भाजला म्हणून हात सुटला. मी परत धरली होती गं."

तुझ्या उजव्या तळव्यावरचा तो डाग आपण दोन वर्षं रोज पाहत होतो. तू सगळ्यांना सांगायचीस की जिना उतरताना गरम कठड्यानं भाजला. तुला खरंच तसं वाटायचं. त्या सकाळचे तुकडे तुझ्या डोक्यात भलत्याच क्रमानं पडले होते, आणि हा तुकडा तर हरवलाच होता. पुढच्या आठवड्यात मॅडमना तू तो सांगितलास. त्यांनी तुला 'तुझा दोष नाही' असं सांगितलं नाही. फक्त विचारलं, "आता ही सकाळ पुन्हा सांगताना काय बदलतं?" तू म्हणालीस, "मी दार बंद करून निघून गेले नव्हते. उघडायला गेले होते. उघडलं नाही." आणि मग, "पण ठोकत ती होती, की पिंपं फुटत होती, ते कळत नाही. ते नाहीच कळणार."

त्यानंतर तू झोपायला लागलीस. एका दमात सगळं सुधारलं असं नाही. दिवाळीत फटाका वाजला की तू अजूनही बाथरूममध्ये जाऊन यायचीस. पण यायचीस, आणि पणत्या लावायला बसायचीस. पीण्या नावाच्या वसाहतीतल्या दुसऱ्या कारखान्यात लागलीस आणि दर महिन्याला आगीचं ड्रिल स्वतः घ्यायला लागलीस. तिथल्या मुली मला परवा भेटल्या. म्हणाल्या, "अक्का खाली येऊन दोनदा मोजायच्या, आणि दोन्ही वेळा मोठ्यानं." मी हसले. ओठातल्या ओठात मोजणारी तू मोठ्यानं मोजायला लागलीस, हे मला माहीतच नव्हतं.

आणि मग तू म्हणालीस की आनेकलला जायचंय. पवित्राच्या आईकडे.

मी म्हणाले, "कशाला? तुला बरं वाटावं म्हणून त्या बाईच्या पोटात सुरी घालणार? तिला सांगितलंय की पोरगी धुरानं बेशुद्ध पडली, तिला काही कळलं नाही. राहू दे की तसंच."

"तिनं दोनदा फोन केला होता."

तेव्हा मला कळलं की तुला ते कळलंय.

"तिला काही विचारायचं असेल तर ती कोणाला विचारेल, मंजू? त्या दारापाशी मी सोडून कोणीच नव्हतं."

मॅडमनीही तुला जा म्हटलं नव्हतं. पवित्राच्या आईनं नको म्हटलं तर परत फिरायची तयारी आहे का, एवढंच विचारलं होतं. तू आधी निरोप पाठवलास. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, या.

आपण दोघी बसनं गेलो. मी रस्ताभर तुझ्याशी भांडत होते, हळू आवाजात, लोक ऐकतील म्हणून. पवित्राच्या आईनं अंगणात दोन खुर्च्या टाकल्या होत्या, स्वतः पायरीवर बसल्या. पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही. मग त्यांनी सरळ विचारलं, कन्नडमध्ये, तुझ्या डोळ्यांत बघून, "तिनं हाक मारली का?"

माझ्या मनात आलं, नाही म्हण. अक्का, एकदाच नाही म्हण.

"मला माहीत नाही, अम्मा," तू म्हणालीस. "दार मी बंद केलं. मला वाटलं ती पुढे गेली. मग आतून ठोकल्यासारखा आवाज आला. ती होती की पिंपं, मला खरंच माहीत नाही. मी उघडायला गेले, हात भाजला, उघडलं नाही. मी खाली गेले."

त्या उठल्या आणि आत गेल्या. मी तुझा दंड ओढून म्हणाले, चल, निघू. तू हलली नाहीस. ऊन तुझ्या पायांवरून गुडघ्यांपर्यंत आलं. त्या बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"सगळे म्हणतात तिला काही कळलं नाही," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं हेच. मला माहीत होतं, ते माझ्यासाठी म्हणतात. तू एकटी खरं बोललीस." मग त्यांनी तुझा उजवा हात ओढला, तळवा उलटा केला, डाग पाहिला आणि हात सोडून दिला. "आता जा. परत ये, पण आज जा."

परत येताना मी तुला म्हणाले, "त्या आता रोज ते ठोकणं ऐकतील. तुझं त्यांना देऊन आलीस." तू एवढंच म्हणालीस, "सरी, बरं, असेल." तू नंतर तीनदा एकटी तिकडे गेलीस. मला कधी ये म्हणाली नाहीस, आणि मी कधी विचारलं नाही की तिथं काय बोलता. म्हणून म्हणतेय की भांडण मिटलं नाही. तू गेलीस ते बरोबर होतं की नाही, मला अजून सांगता येत नाही. पवित्राच्या आई तुझ्या तिसऱ्या दिवशी आल्या होत्या. तेव्हा पायरीवर बसल्या होत्या तशाच तुझ्या फोटोपुढे बसल्या, आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांनाही मी काही विचारलं नाही.

मी फार गोष्टी विचारत नाही, अक्का. हा माझा जुना आजार आहे.

डेंग्यूनं तुला पाच दिवसांत नेलं. आगीतून वाचलेली तू, डासानं. पाचव्या दुपारी मला आत सोडलं तेव्हा तू डोळे उघडलेस आणि माझं मनगट धरलंस. "मंजू, ऐक." आवाज बारीक होता. मी म्हणाले, "बोलू नकोस. शांत पड. बरी झालीस की बोलू." तू पुन्हा म्हणालीस, "ऐक गं." मी तुझ्या ओठांवर हात ठेवला. खरोखर ठेवला, अक्का, हात. मग नर्सनं मला बाहेर जायला सांगितलं, आणि परत बोलावलं तेव्हा तू बोलण्यापलीकडे होतीस.

आईनं त्या दिवशी विचारलं, "काही बोलली का?" मी सांगितलं, "नाही आई, गुंगीत होती. तिला काही कळलं नाही." हे शब्द तोंडातून जाताना मला ऐकू आले, आणि तरी मी ते जाऊ दिले. गेले दहा दिवस हॉस्पिटलच्या रस्त्यानं जाणारी बस मी सोडून देते आणि लांबचा फेरा घेते. मी मॅडमना फोन केला, मला तुझाच आजार झालाय का म्हणून. त्या म्हणाल्या, अकरा दिवसांत त्याला आजार म्हणत नाहीत, दुःख म्हणतात. पण काही महिन्यांनीही तो रस्ता टाळत असाल तर या. आणि म्हणाल्या, "ती दुपार कुणाला सांगितलीत का?"

आज सकाळी मी आईला फोन केला. म्हटलं, "आई, मी खोटं बोलले. ती शुद्धीत होती. तिला काहीतरी सांगायचं होतं. दोनदा म्हणाली ऐक, आणि मी तिच्या तोंडावर हात ठेवला."

पलीकडे फक्त निपाणीच्या घरातला पंखा ऐकू येत होता. मला वाटलं फोन कट झाला, किंवा आई आता कधीच माझ्याशी बोलणार नाही.

मग आई म्हणाली, "मलाबी तिनं दवाखान्यातनं फोन केलता. आदल्या दिवशी. म्हणाली, आई, एक सांगू का. मी म्हटलं, आधी पेज खा, मग सांग." तिचा आवाज फुटला. "मी कुणालाच सांगितलं न्हाई हे."

आम्ही दोघी रडलो, मोठ्यानं, एकमेकींना गप्प न करता. मग आई म्हणाली, "काय सांगायचं असेल गं तिला?"

मला माहीत नाही, अक्का. ते नाहीच कळणार. पण तू शेवटपर्यंत शुद्धीत होतीस आणि तुला काहीतरी सांगायचं होतं, एवढं आता आईलाही माहीत आहे.